टेलस्टॉकची जुळणी : औद्योगिक इतिहासातील एक दुर्लक्षित ज्ञान

प्रस्तावना :
पनवेल तालुक्यातील रोडपालीचा परिसर कळंबोली आणि तळोजा औद्योगिक वसाहतीच्या निकट आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ व १९७० साली सिडको स्थापन झाल्यानंतर अशा परिसरांचे स्वरूप पालटले. या परिवर्तनाचा इतिहास भूसंपादन, भांडवल व कारखाने यांच्या आधारे लिहिला जातो. यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराचे ज्ञान मात्र त्यात क्वचितच येते. लेथच्या टेलस्टॉकची जुळणी हे त्याचे एक बोलके उदाहरण होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले यांनी १८०० च्या सुमारास अचूक आटे पाडणारी लेथ सिद्ध केली. महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही यंत्रनिर्मिती संस्था उभी राहिली. पुढे १९५० पासूनच्या कारागीर प्रशिक्षण योजनेमुळे आयटीआयमधून टर्नर घडू लागले.

जुळणीचे तंत्र :
हेडस्टॉक व टेलस्टॉक यांची सेंटर एका रेषेत नसल्यास दंडगोल निमुळता होतो. हे तपासण्यासाठी दोन सेंटरमध्ये दांडा धरून त्याच्या दोन्ही टोकांना, हत्याराची मांडणी न बदलता, हलका काप घेतात व व्यास मोजतात. टेलस्टॉककडील व्यास ०.०४ मि.मी. अधिक भरल्यास टेलस्टॉक कारागिराच्या बाजूस सुमारे ०.०२ मि.मी. सरकवावा लागतो, कारण व्यासातील फरक सरकण्याच्या दुप्पट असतो. त्यानंतर पुन्हा काप घेऊन खात्री करतात. वापरामुळे टेलस्टॉकचा तळ झिजतो व सेंटर खाली येते. म्हणूनच नव्या यंत्रात ते किंचित उंच ठेवण्याची प्रथा आहे. जुन्या यंत्रात तळाखाली पातळ पत्रा घालतात.

येथे एक बाब लक्षणीय आहे. टेलस्टॉक हेतुपुरस्सर सरकविला, तर त्याच विचलनातून हवा तो टेपर मिळतो. अर्थात एके ठिकाणी जो दोष, तेच दुसरीकडे तंत्र ठरते. हा विवेक केवळ पुस्तकातून येत नाही. तो उस्तादाकडून शिकाऊ उमेदवाराकडे हातोहात जातो.

निष्कर्ष :
संगणकनियंत्रित यंत्रांमुळे अचूकतेचा मोठा भार कामगाराच्या हातून आज्ञावलीकडे गेला आहे. तथापि टेलस्टॉक असलेल्या अशा यंत्रावरही जुळणी तपासावीच लागते. कारखान्याच्या दप्तरात उत्पादनाचे आकडे सापडतात. यंत्र कोणी व कसे सरळ केले, याची नोंद सहसा सापडत नाही. ज्येष्ठ टर्नरांच्या मौखिक साक्षी वेळीच नोंदविल्या नाहीत, तर हे ज्ञान त्यांच्यासमवेत लोप पावेल. पनवेल परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आयटीआयच्या सहकार्याने हे कार्य हाती घेणे अगत्याचे आहे.