दोन जुनी औषधं एका गोळीत घातली, तर पेटंट मिळतं का?

नुसतं एकत्र केलं म्हणून नाही. भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(ई) सांगतं, की घटकांच्या गुणांची फक्त बेरीज होत असेल, तर ते मिश्रण शोध ठरत नाही. बेरजेपेक्षा जास्त परिणाम दिसावा लागतो. शिवाय ती कल्पना त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी नसावी.

हा वाद एचआयव्हीच्या ‘कॉम्बिव्हिर’ गोळीवरून पेटला. तिच्यात झिडोव्हुडिन आणि लॅमिव्हुडिन ही आधीच माहीत असलेली दोन औषधं आहेत. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनच्या भारतातल्या अर्जात भर होती सिलिकॉन डायऑक्साइडची. म्हणजे काय, तर गोळ्या पाडताना पावडर मशीनमध्ये अडकू नये म्हणून घालतात ती भुकटी! औषध कारखान्यांत यात नवल ते काय?

मार्च २००६ मध्ये मणिपूरमधल्या आणि देशपातळीवरच्या एचआयव्हीबाधितांच्या संघटनांनी कोलकात्याच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. पेटंट मिळालं असतं, तर भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी बंद होण्याची भीती होती. ऑगस्टमध्ये कंपनीने अर्ज मागे घेतला. त्यामुळे त्या भुकटीने शोध ठरतो की नाही, यावर निकाल देण्याची वेळच आली नाही.