पानशेत नावाचं एक गावही आहे

‘पानशेत’ म्हटलं की पुण्यातल्या जुन्या माणसांना एक तारीख आठवते: १२ जुलै १९६१. घरातल्या गोष्टींचं वयही ते तिथून मोजतात. हा जिना पानशेतच्या आधीचा, ही भिंत पानशेतनंतरची. तुम्हा-आम्हाला आठवतो तो रविवार, बोटिंग आणि गरम भजी. या दोन्ही आठवणींत पानशेत नावाचं गाव मात्र कुठेच नसतं.

सिंहगड डावीकडे ठेवून खडकवासल्याच्या काठाकाठाने पुढे गेलं की पुण्यापासून साधारण चाळीस किलोमीटरवर हे गाव लागतं. तालुका राजगड, म्हणजे पूर्वीचा वेल्हे; तोरणा आणि राजगड हे किल्ले याच तालुक्यातले. आंबी आणि मोसी या दोन नद्या सह्याद्रीतून उतरून इथे जवळ येतात आणि पुढे मुठेला मिळतात. मावळात नदीच्या अशा प्रदेशाला खोरं म्हणतात. शिवरायांचे सुरुवातीच्या काळातले साथीदार बाजी पासलकर हे मोसे खोऱ्याचे देशमुख.

खोऱ्यातलं जगणं सरळ होतं. वरच्या उतारावर नाचणी-वरई, खाली नदीकाठच्या सपाटीला भातखाचरं. डोंगरात सपाट जमीन थोडीच, म्हणून तीच सगळ्यात मोलाची. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे सपाटी आणि तोंडाशी अरुंद वाट: गाव वसायला जे सोयीचं, तेच धरण बांधायलाही सोयीचं ठरलं.

खडकवासल्याचं धरण एकोणिसाव्या शतकातलं. पुढे शहराची तहान आणि कालव्याखालची शेती वाढली, तसं वर आंबी नदीवर मातीचं धरण बांधायला घेतलं. काम पुरं व्हायच्या आधीच १९६१च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. पाणी सोडायच्या मोरीचं काम अर्धवट होतं. त्या मोरीवरचा बांध खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडलं आणि दुपारपर्यंत पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पूरग्रस्तांसाठी शहरात नव्या वसाहती उभ्या राहिल्या, गोखलेनगर त्यातलंच.

धरण पुन्हा बांधलं गेलं. त्याच्या जलाशयाचं नाव तानाजीसागर, त्यात साडेदहा टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. शेजारी मोसीवर वरसगावचं धरण झालं, त्याला बाजी पासलकरांचं नाव दिलं. मावळ्यांची नावं पाण्याला मिळाली आणि मावळातली भातखाचरं पाण्याखाली गेली. काही घरं उतारावर वर सरकली. अनेक कुटुंबं दौंडच्या बाजूला गेली: धो धो पावसाच्या भातशेतीतून कालव्याच्या पाण्यावरच्या सपाट मुलखात. तिथे पीक वेगळं, शेजार वेगळा आणि ग्रामदैवत मागे राहिलेलं.

पुण्यात शिरलेलं पाणी ओसरलं. आंबीच्या खोऱ्यात शिरलेलं पाणी तिथेच राहिलं, कारण ते राहावं म्हणूनच धरण होतं. पुण्याच्या पुराची आठवण दर जुलैत निघते. खोऱ्यातल्या शेवटच्या भातकापणीची तारीख कुणाच्या कॅलेंडरवर नाही.

आजचं पानशेत हॉटेलांचं, तंबूंचं, शनिवार-रविवारच्या गर्दीचं आहे. त्यावर अनेकांची चूल पेटते, त्यात गैर काही नाही. पण पावसाळ्यात फोनवर बातमी येते, ‘पानशेत शंभर टक्के भरलं’, आणि आपण पाणीकपात टळली म्हणून सुटकेचा श्वास सोडतो. तेव्हा एवढं लक्षात असू द्यावं, की भरलंय ते एक खोरं आहे. आपल्या नळाला येणारं पाणी कुणाच्या तरी खाचरावरून येतं.