विश्लेषण : पैसे मोजून डाउनलोड केलेला आल्बम सीडीपेक्षा हलका का वाजतो?

ॲपलचे आयट्यून्स म्युझिक स्टोअर २८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत सुरू झाले. एका गाण्याची किंमत ९९ सेंट आणि बहुतेक आल्बमची ९.९९ डॉलर होती. सीडीच्या मानाने हे स्वस्त होते. त्याच वर्षी युनिव्हर्सल म्युझिकने आपल्या सीडींची छापील किंमत कमी केली, तरी ती १२.९८ डॉलर होती. मात्र डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये सीडीवरील डेटाचा जेमतेम अकरावा हिस्सा असे. मग ग्राहकाला खरोखर सवलत मिळत होती, की कमी माल कमी भावात विकला जात होता?

सीडीवर नेमके काय असते?

सोनी आणि फिलिप्स यांनी विकसित केलेली सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यावर आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. ध्वनिलहरीचे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतले जाते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटमध्ये, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदवले जाते. डाव्या आणि उजव्या बाजूचे मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. हाच सीडीचा बिटरेट, सुमारे १४११ केबीपीएस. माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकतो आणि तेवढे सगळे या पद्धतीत टिपता येतात.

अडचण होती ती आकाराची. चार मिनिटांचे गाणे या हिशेबाने सुमारे ४२ एमबीचे होते. टेलिफोनच्या तारेवरील ५६ केबीपीएसच्या मोडेमने ते उतरवायला दीड तासाहून जास्त वेळ लागला असता. तेच गाणे १२८ केबीपीएसमध्ये आवळले, तर चार एमबीपेक्षा लहान होते आणि नऊ-दहा मिनिटांत उतरते.

मग गाण्यातले काय वगळले जाते?

जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेतील कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एमपी३च्या घडणीत मोठा वाटा आहे. कानाची एक मर्यादा या तंत्राने हेरली. मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळच्या पट्टीतला बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. असे झाकले जाणारे तपशील ढोबळपणे नोंदवायचे किंवा टाकून द्यायचे, म्हणजे फाइल लहान होते. आयट्यून्सने वापरलेले एएसी तंत्र याच तत्त्वावरचे, पण नंतरचे आणि अधिक कार्यक्षम आहे.

बिटरेट पुरेसा असेल तर हा बदल सहसा कळत नाही. तो कमी झाला, की आधी दोन ठिकाणी उणीव जाणवते. झांज किंवा टाळ यांची लांबत जाणारी किणकिण विस्कटून पाण्याखालून आल्यासारखी वाटते. दुसरे म्हणजे, तबल्याच्या थापेसारखा अचानक उठणारा आवाज थोडा बोथट होतो. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर बहुधा कापलेलेच असतात. एकदा टाकलेला डेटा परत येत नाही. एमपी३ पुन्हा सीडीवर उतरवली किंवा मोठ्या फाइलमध्ये बदलली, तर जागा जास्त लागते, आवाज मात्र तोच राहतो.

किमतीवरून नाराजी का झाली?

आयट्यून्सवरील सुरुवातीची गाणी १२८ केबीपीएसची होती आणि त्यांना डीआरएम नावाचे डिजिटल कुलूप होते. त्यामुळे ती ठरावीक उपकरणांवरच वाजत. मे २००७ मध्ये ईएमआय कंपनीची गाणी २५६ केबीपीएसमध्ये आणि कुलपाविना मिळू लागली. त्यांची किंमत मात्र १.२९ डॉलर होती. ज्यांनी तेच गाणे आधी ९९ सेंटना घेतले होते, त्यांना चांगली प्रत हवी असल्यास आणखी ३० सेंट मोजावे लागत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चांगल्या प्रतीची किंमतही ९९ सेंटवर आली. म्हणजे दर्जासाठी घेतलेले जादा पैसे काही महिन्यांतच अनावश्यक ठरले.

ऑक्टोबर २००७ मध्येच ब्रिटनच्या रेडिओहेड या बँडने ‘इन रेनबोज’ हा आल्बम ‘हवी ती किंमत द्या’ या अटीवर संकेतस्थळावर ठेवला. अगदी शून्य किंमतही चालत होती. पण फाइल १६० केबीपीएसच्या एमपी३ निघाल्या. आपणहून चांगली रक्कम देणारे काही चाहते नाराज झाले. पुढे सीडी निघाली, तेव्हा पूर्ण दर्जासाठी तोच आल्बम पुन्हा विकत घेणे आले.

मोठी फाइल म्हणजे चांगला आवाज का?

नेहमीच नाही. मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा २००८चा आल्बम याचे ठळक उदाहरण आहे. गाणी जास्तीत जास्त जोरात वाजावीत म्हणून ध्वनी इतका दाबला गेला, की सीडीवरच तो फाटल्यासारखा ऐकू येत होता. त्याच गाण्यांची ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममधील आवृत्ती अधिक स्वच्छ असल्याचे चाहत्यांच्या लक्षात आले. दोष मूळ प्रतीतच असेल, तर कितीही महागडी फाइल घेतली तरी तो जात नाही.

‘हाय-रेझोल्यूशन’ म्हणून सीडीपेक्षा मोठ्या फाइल जास्त दराने विकल्या जातात. अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात २००७ मध्ये यासंबंधी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. असे ध्वनिमुद्रण मूळ रूपात आणि सीडीच्या दर्जावर आणून ऐकवल्यावर श्रोत्यांचे अंदाज नाणेफेकीइतकेच बरोबर आले. मात्र अशा अनेक आल्बमचे मास्टरिंग, म्हणजे अंतिम ध्वनिसंस्कार, जास्त काळजीने झालेले असल्याचे संशोधकांनी नोंदवले. जादा पैशांतून काही मिळत असेल, तर ते बहुधा ही काळजी.

विकत घेताना काय पाहावे?

आज दर्जासाठी वेगळी किंमत आकारण्याची प्रथा बरीच मागे पडली आहे. बँडकॅम्पवर आल्बम घेतला, की एमपी३ किंवा फ्लॅक यांपैकी हवा तो प्रकार त्याच किमतीत उतरवता येतो. फ्लॅकमध्ये फाइल लहान होते, पण मूळ डेटातला एकही बिट गळत नाही. ॲपल म्युझिकनेही २०२१ पासून असा ‘लॉसलेस’ आवाज जादा शुल्काशिवाय दिला आहे. फरक इतकाच, की तिथे वर्गणी थांबली की गाणीही थांबतात. विकत घेतलेली कुलपाविना फाइल आपल्याकडेच राहते.

पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. फाइलचा प्रकार आणि बिटरेट स्पष्ट लिहिला आहे का? फाइलला कुलूप आहे का? आणि ‘रीमास्टर्ड’ असे लिहिले असल्यास, आधीच्या आवृत्तीपेक्षा ती नुसती जोरात वाजते, की खरोखर स्वच्छ आहे? हा शेवटचा फरक पाहण्यासाठी नमुना ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा. जोरात वाजणारे गाणे कानाला नेहमीच आधी बरे वाटते.

फ्लॅक म्हणून घेतलेल्या फाइलबद्दल शंका आली, तर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिचा स्पेक्ट्रोग्राम पाहता येतो. १६ किलोहर्ट्झच्या आसपास चित्र सरळ रेषेत कापल्यासारखे दिसले, तर ती मूळ एमपी३ असण्याची शक्यता मोठी आहे. जुन्या ध्वनिमुद्रणात वरचे स्वर मुळातच कमी असू शकतात, हेही लक्षात घ्यावे. साधे इअरफोन लावून प्रवासात ऐकायचे असेल, तर २५६ केबीपीएसची फाइल पुरेशी आहे. संग्रही ठेवायचा आल्बम मात्र फ्लॅकमध्येच घ्यावा. फ्लॅकवरून एमपी३ कधीही करता येते. एमपी३वरून मूळ आवाज परत मिळवता येत नाही.