टॅन्क्रेड बोरेनियस: वकिलातीतून संपादकाच्या खुर्चीत

टॅन्क्रेड बोरेनियस यांचा जन्म १८८५ साली व्हीबोर्ग येथे झाला. हे शहर तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखालील फिनलंडमध्ये होते; आज ते रशियात आहे. हेलसिंकी विद्यापीठात इटलीतील व्हिचेन्झाच्या चित्रकारांवर त्यांनी प्रबंध लिहिला. तो १९०९ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने आला. त्याच सुमारास बोरेनियस लंडनला आले आणि कायमचे तिथलेच झाले.

लंडनमध्ये त्यांना कलासमीक्षक रॉजर फ्राय यांचा आधार मिळाला. १९१४ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजात फ्राय यांच्या जागी ते कलेतिहासाचे व्याख्याते झाले, पुढे १९२२ पासून प्राध्यापक. त्याआधीच, १९१२ मध्ये, क्रो आणि काव्हाल्कासेले यांच्या उत्तर इटलीतील चित्रकलेच्या इतिहासाची नवी आवृत्ती त्यांनी संपादित केली होती. जुन्या ग्रंथाला नव्या संशोधनाच्या टिपा जोडण्याचे हे काम किचकट, पण विद्वानांच्या जगात नाव मिळवून देणारे होते.

डिसेंबर १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला आणि या कलाभ्यासकावर वेगळीच जबाबदारी येऊन पडली. नव्या राष्ट्राला परदेशी ओळख असलेली, भाषा जाणणारी माणसे हवी होती. स्वातंत्र्याची वार्ता युरोपातील राजधान्यांना कळवणाऱ्या शिष्टमंडळाचे बोरेनियस सचिव झाले आणि १९१८-१९ मध्ये लंडनमध्ये त्यांनी फिनलंडचे हंगामी प्रतिनिधी म्हणून काम पाहिले. काम नाजूक होते. स्वातंत्र्यानंतरच्या यादवी युद्धात फिनलंडच्या सरकारने जर्मनीची लष्करी मदत घेतली होती. ऑक्टोबर १९१८ मध्ये तर तेथील संसदेने एका जर्मन राजपुत्राला राजा म्हणून निवडले. जर्मनीशी लढणाऱ्या ब्रिटनला हे रुचणे शक्य नव्हते. जर्मनी हरल्यावर हा राजा सिंहासनावर न बसताच बाजूला झाला, आणि मे १९१९ मध्ये ब्रिटनने फिनलंडला मान्यता दिली.

बोरेनियस मग पुन्हा चित्रांकडे वळले, पण वकिली अंगात मुरलीच होती. पेशवाईतल्या वकिलाला परक्या दरबारात राहून दोन्ही बाजूंचा विश्वास सांभाळावा लागे. लंडनच्या कलाबाजारातही नेमके हेच कसब लागे. व्हायकाउंट लॅसेल्स यांना १९१६ मध्ये आयर्लंडमधील कंजूष म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या लॉर्ड क्लॅनरिकार्ड यांची अफाट संपत्ती वारशाने मिळाली होती. त्यातून उभा राहिलेला चित्रसंग्रह बोरेनियस यांच्या सल्ल्याने घडला. टिशियनचे ‘ॲक्टिऑनचा मृत्यू’ हे चित्र याच संग्रहातले. १९७२ मध्ये ते लंडनच्या नॅशनल गॅलरीने घेतले. लॅसेल्स यांचा विवाह १९२२ मध्ये राजकन्या मेरीशी झाला, आणि राजघराण्याशीही बोरेनियस यांचा परिचय वाढला. १९३६ मध्ये त्यांनी लॅसेल्स घराण्याच्या हेअरवुड हाउसमधील चित्रांची सूची प्रसिद्ध केली.

शिवाय सदबीज या लिलावगृहाचे ते दीर्घकाळ सल्लागार होते. विद्यापीठात शिकवणारा, लिलावगृहाला सल्ला देणारा आणि ग्राहकाला चित्रे सुचवणारा माणूस एकच! आज यावर हितसंबंधांचा प्रश्न लगेच उभा राहील, आणि तो रास्तच आहे. तेव्हाच्या लंडनला मात्र त्यात फारसे वावगे दिसले नाही.

‘अपोलो’ मासिक १९२५ मध्ये निघाले, त्याच्या उभारणीत त्यांचा हात होता. १९०३ पासून चालत आलेल्या ‘बर्लिंग्टन मॅगझिन’मध्ये ते अनेक वर्षे लिहीत होते, १९४० मध्ये त्याचे संपादकपदही त्यांच्याकडे आले. काळ सर्वांत वाईट होता. लंडनवर बॉम्ब पडत होते, कागदावर नियंत्रण होते, नॅशनल गॅलरीची चित्रे वेल्समध्ये हलवली होती आणि युरोपातील निम्म्या अभ्यासकांशी पत्रव्यवहार तुटला होता. तरी मासिक बंद पडले नाही. त्यांच्या स्वतःच्या पुस्तकांपेक्षाही हे काम मोठे मानावे लागेल.

त्याच काळात त्यांची जुनी वकिली पुन्हा कामी आली असावी. जर्मनीचे माजी राजदूत आणि हिटलरविरोधी कटातील एक प्रमुख, उलरिश फॉन हासेल यांच्या रोजनिशीत १९४१ च्या सुरुवातीची एक नोंद आहे. तिच्यानुसार बोरेनियस यांनी स्वित्झर्लंडमध्ये स्विस मुत्सद्दी कार्ल बुर्कहार्ट यांची भेट घेऊन, सन्मान्य तह अजून शक्य असल्याचे इंग्रज वर्तुळांच्या वतीने सुचवले होते. एवढ्या नोंदीवर नंतरच्या काहींनी बरेच इमले रचले. पण नोंद ऐकीव आहे, हे विसरून चालत नाही.

इंग्लंडच्या मध्ययुगाचे त्यांना विशेष आकर्षण होते. टॉमस बेकेट या हुतात्मा आर्चबिशपच्या चित्र-शिल्पांवर त्यांनी १९३२ मध्ये ग्रंथ लिहिला. दुसऱ्या हेन्री राजाचे बेकेटशी वैर क्लॅरेंडनच्या ज्या राजवाड्यातील ११६४ च्या सभेत विकोपाला गेले, त्या सॅलिसबरीजवळच्या राजवाड्याचे अवशेष त्यांनी १९३३ पासून जॉन चार्ल्टन यांच्यासह उकरायला घेतले. युद्ध सुरू होताच उत्खनन थांबले. सप्टेंबर १९४८ मध्ये त्याच परिसरातील कूम बिसेट गावी बोरेनियस यांचे निधन झाले. उत्खननाचा सविस्तर अहवाल टॉम जेम्स आणि ॲनी रॉबिन्सन यांच्या हातून १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.