काकवी, सोडा आणि वितळलेले प्लॅस्टिक

बीड जिल्ह्यातल्या तलवाड्याला आम्ही शिक्षकांशी गप्पा मारायला गेलो होतो. तिथे एका सरांनी विचारले, "थर्मोकोलच्या ताटलीत एवढे बुडबुडे भरतो कोण?" तेव्हा दिलेले उत्तर अपुरे होते, म्हणून हा लेख.

सुरुवात काकवीपासून करू. थंडीत घट्ट झालेली काकवी तापवली की पातळ होते, किंवा तिच्यात थोडे पाणी घालावे लागते. वितळलेले पॉलिस्टायरीनही असेच दाट असते, कारण त्याचे साखळीसारखे लांबलचक रेणू एकमेकांत गुंतलेले असतात. फार तापवले तर साखळ्या तुटतात. द्रावक मिसळावा, तर नंतर तो काढायचा कसा?

या कोड्याचा धागा 1866 सालापर्यंत मागे जातो. थॉमस ग्रॅहम यांनी त्या वर्षी रबराच्या पातळ पडद्यातून निरनिराळे वायू जाऊ दिले. नायट्रोजनचा वेग 1 धरला, तर हायड्रोजनचा 5.5 आणि कार्बन डाय-ऑक्साइडचा 13.6 भरला! बारीक छिद्रातून जड वायू हळू निसटतो, हा तर ग्रॅहम यांचाच नियम. इथे जड वायूच पुढे. तेव्हा वायू छिद्रांतून गळत नसून आधी रबरात विरघळतो, आरपार सरकतो आणि पलीकडे बाहेर पडतो, असे त्यांनी मांडले. रेणूंच्या लांब साखळ्यांची कल्पना स्टाउडिंगर यांनी 1920 मध्ये मांडली, हे लक्षात घेतले म्हणजे ग्रॅहम यांच्या तर्काचे कौतुक वाटते.

विरघळलेला वायू साखळ्यांमध्ये शिरतो, त्या थोड्या दूर सरतात आणि त्यांना हालचालीला जागा मिळते. एरवी सुमारे 100 अंश सेल्सिअसला मऊ होणारे पॉलिस्टायरीन या वायूच्या साधारण 60 वातावरण दाबाखाली 35 अंशांच्या आसपासच मऊ पडते.

पण वितळलेल्या प्लॅस्टिकची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, मोजायची कशी? नळीतून बाहेर येताच दाब उतरतो आणि गोटी सोडा उघडल्यासारखा फेस होतो. शिवाय नुसता दाब साखळ्यांना जवळ ढकलून उलट दाटपणा वाढवतो. अमेरिकेतील वेन स्टेट विद्यापीठाच्या गेरहार्ट, मँके आणि गुलारी यांनी 1997 मध्ये सिलिकोन पॉलिमरवरची मापने प्रसिद्ध केली. त्यांनी नळीच्या बाहेरच्या टोकालाही दाब राखला होता. वायूमुळे श्यानता चांगलीच उतरली. निरनिराळ्या प्रमाणांत वायू विरघळवून काढलेले आलेख सरकवले, तर शुद्ध पॉलिमरच्या आलेखावर जुळत होते. वायूने वाहण्याची रीत बदलली नव्हती, वाट मोकळी केली होती.

एवढा खटाटोप कशासाठी? फेसाळ प्लॅस्टिकच्या पत्र्यांसाठी पूर्वी क्लोरोफ्लुरोकार्बन वापरत. त्यांच्यामुळे ओझोनला धोका आहे, हे मोलिना आणि रोलँड यांनी 1974 मध्ये दाखवले. 1987 मध्ये माँट्रियल करार झाला. निव्वळ कार्बन डाय-ऑक्साइडने पॉलिस्टायरीन फुगवण्याच्या पद्धतीसाठी डाऊ कंपनीला 1996 मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्र पुरस्कार मिळाला. (ओझोन वाचला, कचरा तसाच राहिला; महाराष्ट्राने 2018 मध्ये अशा ताटल्यांवर बंदी घातली.)

आता सरांच्या प्रश्नाचे उत्तर. दाब उतरला की वायू बुडबुडे करतो. तो साखळ्यांमधून निघून गेल्यामुळे आणि गारव्यामुळे प्लॅस्टिक पुन्हा कडक होते, अन् बुडबुडे जागच्या जागी अडकतात. वर्गात तळाला भोक पाडलेल्या डब्यातून काकवी गळू द्या आणि वेळ मोजा. मग चमचाभर पाणी ढवळून पुन्हा मोजा. आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा.