व्हॅलेडिक्टोरियन म्हणजे काय? अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये 'पहिला नंबर' कसा ठरतो?

मे-जून महिना आला की अमेरिकेत नातेवाईक असलेल्या घरांच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. अंगात झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, गळ्यात रंगीत दोऱ्या आणि खाली मेसेज, "लेक व्हॅलेडिक्टोरियन झाली!"

अभिनंदनाचे मेसेज धडाधड पडतात. पण हा किताब बोर्डात पहिलं येण्यासारखा आहे का? ऑनर सोसायटी म्हणजे काय? स्टुडंट काउन्सिलचं अध्यक्षपद हे आपल्याकडच्या मॉनिटरसारखंच असतं का?

हे सगळं समजून घ्यायचं तर प्रत्येक किताबाबद्दल एकच प्रश्न विचारायचा. तो नेमका देतं कोण?

आधी शाळा समजून घेऊ

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे साधारणपणे नववी ते बारावी अशी चार वर्षं. या वर्गांतल्या मुलांना अनुक्रमे फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनियर आणि सीनियर म्हणतात.

आपल्याकडे दहावी-बारावीला बोर्डाची एक मोठी परीक्षा असते. तिथे संपूर्ण देशासाठी अशी एकच परीक्षा नाही. चारही वर्षांतल्या प्रत्येक विषयाची ग्रेड धरून एक सरासरी काढली जाते. तिला 'जीपीए' म्हणतात. ए ग्रेडचे 4 गुण, बी चे 3, सी चे 2 असा साधा हिशोब असतो.

व्हॅलेडिक्टोरियन : निरोपाचं भाषण करणारा

हा शब्द लॅटिनमधून आला आहे. 'वाले दिकेरे' म्हणजे निरोप घेणं. पदवीदान समारंभात सगळ्या वर्गाच्या वतीने निरोपाचं भाषण करतो तो व्हॅलेडिक्टोरियन. बहुतेक शाळांमध्ये हा मान सर्वाधिक जीपीए असलेल्या विद्यार्थ्याला मिळतो. दुसऱ्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला 'सॅल्युटेटोरियन' म्हणतात. त्याचं काम पाहुण्यांचं स्वागत करण्याचं.

म्हणजे हा किताब राज्याचा किंवा बोर्डाचा नसतो, त्या एका शाळेचा असतो. अमेरिकेत हायस्कूल हजारो आहेत, त्यामुळे दरवर्षी व्हॅलेडिक्टोरियनही हजारो असतात. काही शाळा तर ठरावीक जीपीएच्या वरच्या सगळ्यांनाच हा मान देतात.

मग एवढी चुरस कशासाठी?

कारण काही ठिकाणी या क्रमांकावर पैसे आणि प्रवेश अवलंबून असतात. टेक्सासचं उदाहरण घ्या. 1997 च्या कायद्यानुसार तिथल्या हायस्कूलमध्ये वर्गातल्या पहिल्या 10 टक्क्यांत आलेल्या मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेशाचा हक्क मिळाला. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात गर्दी वाढल्यावर तिथली मर्यादा आणखी कडक झाली. शिवाय शाळेत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला राज्याच्या सरकारी कॉलेजात पहिल्या वर्षाची ट्यूशन फी माफ होऊ शकते.

इथे 'वेटेड जीपीए'चा पेच येतो. अनेक शाळा एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयात ए मिळाला तर 4 ऐवजी 5 गुण देतात. कठीण विषय घेणाऱ्याचं नुकसान होऊ नये, हा त्यामागचा हेतू. पण समजा एखाद्या मुलीची सरासरी 4.6 आहे आणि तिने आवड म्हणून चित्रकला घेतली. त्यात ए मिळाला तरी गुण 4 च, म्हणजे सरासरी खाली येणार. मग पहिल्या नंबरासाठी झटणारी मुलं असे विषय सोडून देतात. या पद्धतीवरचा हा जुना आक्षेप आहे.

प्रकरण कोर्टातही जातं. 2003 मध्ये न्यू जर्सीतल्या मूरस्टाउन इथल्या एका विद्यार्थिनीने फेडरल कोर्टात दाद मागितली. आजारपणामुळे ती काही विषय घरून शिकत होती. शाळा प्रशासनाला तिच्याबरोबर आणखी कुणाला तरी हा मान विभागून द्यायचा होता. कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि ती एकटी व्हॅलेडिक्टोरियन ठरली. पुढे तिने स्थानिक वृत्तपत्रात लिहिलेल्या लेखांमध्ये इतरांचा मजकूर श्रेय न देता वापरल्याचं समोर आलं आणि हार्वर्डने तिला दिलेला प्रवेश मागे घेतला.

अशा रस्सीखेचीला कंटाळून काहींनी हा किताबच काढून टाकला. नॉर्थ कॅरोलिनातल्या वेक काउंटीच्या शाळांनी 2016 मध्ये तसा निर्णय घेतला आणि 2019 च्या बॅचपासून लॅटिन श्रेण्या आणल्या. 3.75 पासून 'कुम लाउदे', 4 पासून 'माग्ना कुम लाउदे' आणि 4.25 पासून 'सुम्मा कुम लाउदे'. म्हणजे सन्मानासह, मोठ्या सन्मानासह आणि सर्वोच्च सन्मानासह. यात एकाने वर जाण्यासाठी दुसऱ्याने खाली यावं लागत नाही.

नॅशनल ऑनर सोसायटी : इथे शिक्षक ठरवतात

गळ्यातल्या सोनेरी पट्ट्या किंवा दोऱ्या बऱ्याचदा या संस्थेच्या असतात. मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने 1921 मध्ये ती सुरू केली. निवडीचे निकष चार : अभ्यास, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य. किमान जीपीए 3 लागतो, पण शाळा तो वाढवू शकते. अंतिम निवड शाळेतल्या पाच शिक्षकांची समिती करते.

अभ्यास आकड्यात मोजता येतो. चारित्र्य कसं मोजायचं? 1998 मध्ये केंटकीतल्या ग्रँट काउंटीत दोन मुलींचे गुण पुरेसे असूनही त्यांना सोसायटीत घेतलं नाही. त्यातली एक आई झालेली होती, दुसरी गरोदर. प्रकरण फेडरल कोर्टात गेलं. लग्नाआधी संबंध ठेवणाऱ्या मुलांना कुणी असं वगळत नाही, मग मुलींनाच का, हा कळीचा मुद्दा होता. कोर्टाने दोघींना सदस्यत्व देण्याचा आदेश दिला.

नॅशनल मेरिट : इथे परीक्षा ठरवते

हा मात्र देशपातळीवरचा मान आहे. अकरावीत पीएसएटी नावाची परीक्षा होते. दहा लाखांहून जास्त मुलं त्यातून या स्पर्धेत उतरतात आणि साधारण 16 हजार जण सेमीफायनलिस्ट होतात. या जागा राज्यांच्या विद्यार्थिसंख्येनुसार वाटल्या जातात. त्यामुळे प्रत्येक राज्याचा कटऑफ वेगळा असतो. मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने असलेल्या न्यू जर्सीचा कटऑफ देशात सर्वांत वरच्यांपैकी असतो. तेवढेच गुण मिळवणारा मुलगा एखाद्या लहान राज्यात सहज निवडला गेला असता.

स्टुडंट काउन्सिल : इथे मुलं मत देतात

क्लास प्रेसिडेंट, उपाध्यक्ष, खजिनदार ही पदं निवडणुकीतून भरतात. पोस्टर, प्रचार, भाषण सगळं होतं. आपल्याकडे मॉनिटर बऱ्याचदा बाईच नेमतात, हा मोठा फरक. निवडून आलेली मुलं कार्यक्रम आखतात आणि निधी जमवतात. पण खरे अधिकार बहुतेक ठिकाणी मर्यादितच असतात. मेरीलँडची माँटगोमेरी काउंटी इथे वेगळी ठरते. तिथे मुलांनी निवडून दिलेला विद्यार्थी थेट शिक्षण मंडळावर बसतो आणि शाळांच्या बजेटवरही मत देतो.

मुलांची पसंती आणि शाळेची मर्जी यांची टक्कर 1983 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेथेल हायस्कूलमध्ये झाली. मॅथ्यू फ्रेझर या विद्यार्थ्याने निवडणुकीला उभ्या असलेल्या मित्रासाठी सुमारे 600 मुलांसमोर द्वयर्थी भाषण केलं. शाळेने त्याला तीन दिवसांसाठी निलंबित केलं आणि पदवीदानाच्या वक्त्यांच्या यादीतून त्याचं नाव काढलं. मुलांनी मतपत्रिकेवर त्याचं नाव हाताने लिहून त्यालाच निवडलं! खालच्या कोर्टाने त्याची बाजू घेतली आणि तो बोललाही. पण 1986 मध्ये सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 2 मतांनी शाळेची कारवाई योग्य ठरवली. शाळेतल्या भाषणांवर शिक्षकांना किती बंधनं घालता येतात, या वादात या निकालाचा दाखला आजही दिला जातो.

पुढे या मुलांचं काय होतं?

संशोधक कॅरन अर्नॉल्ड यांनी इलिनॉय राज्यातल्या 1981 च्या बॅचमधल्या 81 व्हॅलेडिक्टोरियन आणि सॅल्युटेटोरियन विद्यार्थ्यांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. 1995 मध्ये त्यावर पुस्तक आलं. बहुतेक जण कॉलेजात चमकले आणि चांगल्या नोकऱ्यांत स्थिरावले. एखाद्या क्षेत्राची दिशाच बदलून टाकणारे मात्र त्यांत फारसे नव्हते. आणखी एक गोष्ट दिसली. या बॅचमधल्या मुलींना कॉलेजच्या काळात स्वतःची हुशारी आधीपेक्षा कमी वाटू लागली होती. त्यांचे गुण मात्र मुलांपेक्षा कमी नव्हते.

थोडक्यात, व्हॅलेडिक्टोरियन गणिताने ठरतो, ऑनर सोसायटी शिक्षकांच्या मताने, नॅशनल मेरिट परीक्षेने आणि क्लास प्रेसिडेंट मित्रमैत्रिणींच्या मतांनी. हे चार वेगवेगळे गुण आहेत आणि ते एकाच मुलात असतीलच असं नाही.

त्यामुळे ग्रुपवर पुढचा फोटो आला की अभिनंदन जरूर करा. सोबत एवढंही विचारा, "भाषणात काय बोलणार आहेस?" व्हॅलेडिक्टोरियनचं मूळ काम तेच आहे.