कोकणातील विंचूदंश आणि मृत्यूची पूर्वचिन्हे

जांभ्याच्या गडग्यांच्या फटी, सरपणाचे ढीग आणि भाताच्या पेंढ्याच्या उडव्या यांत दडून राहणारा तांबडा विंचू हा कोकणच्या मुलखाचा पिढीजात वैरी. तथापि लोकांचे भय आकाराने मोठ्या अशा काळ्या इंगळीभोवतीच अधिक साठलेले असे. बहुतेक दंश यातना देऊन आपोआप शमत असल्यामुळे त्याचे श्रेय विंचू उतरविणाऱ्या मांत्रिकाकडे जाई, आणि ज्यांचा शेवट होई त्यांच्या बाबतीत दैवाचा हवाला देऊन विषय मिटे. कोणता दंश प्राणघातक ठरणार, हे आधी ओळखण्याचा मार्ग मात्र कोणाजवळच नव्हता.

1976 साली तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी रुग्णांच्या उशाशी बसून, त्यांची नाडी, रक्तदाब आणि श्वास रात्र-रात्र टिपून हा मार्ग शोधला. ज्यास दंशस्थानीच असह्य वेदना होतात, पण इतर लक्षणे उमटत नाहीत, त्याच्या जीवास सहसा धोका नसतो. उलट ज्यास ओकाऱ्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात आणि पुरुष असल्यास जननेंद्रियास अकारण ताठरता येते, त्याच्या हृदयावर संकट येत आहे असे जाणावे, हा त्यांचा निष्कर्ष 1982 साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे जे औषध सापडले त्याहूनही ही ओळख मला मोलाची वाटते, कारण दवाखान्याच्या ओसरीवर आलेल्या दहा जणांपैकी प्रथम कोणाकडे धावावे, हे तिनेच सांगितले.

विषामुळे शरीरातील उत्तेजक द्रव्ये एकाएकी रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि थकलेले हृदय हार खाऊ लागताच फुप्फुसांत पाणी साचते. हा क्रम ध्यानी आल्यावर, रक्तदाबाच्या विकारासाठी प्रचलित असलेली प्राझोसिनची स्वस्त गोळी, जी त्याच उत्तेजनास थोपविते, ती देऊन पाहण्याचा विचार त्यांना सुचला; त्याचे फलित 1986 साली ‘लॅन्सेट’मध्येच छापले गेले. गंभीर दंशांत पूर्वी शंभरात पंचवीस-तीस जण दगावत. ते प्रमाण या उपचाराने शेकडा एकाच्या आसपास उतरले. या कार्यात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकर यांचा वाटा बरोबरीचा होता. 2011 साली या दांपत्याने प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हेही सप्रमाण सिद्ध केले.